आठ लाख रुपये कशासाठी हवेत, ताई?

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ४६ वर्षांच्या आहेत. त्यांच्या वाडीतल्या १२ बायका चार वर्षांपूर्वी एकत्र आल्या. कुणी मासे विकते, कुणी काजूच्या कारखान्यात जाते, दोघीतिघी बागेत रोजाने. प्रत्येकीने महिन्याला ५० रुपये काढायचे. जून-जुलैत मासेमारी बंद असते म्हणून ते दोन महिने माफ. गावाचं मुंबई मंडळ गणपतीला १५ हजार देतं. एवढ्यावर ताईंच्या पडवीत संध्याकाळी १४ मुलींचा अभ्यास चालतो, वह्या-पुस्तकं येतात आणि अडल्यानडल्या बाईला दवाखान्यात न्यायला गाडीभाडं निघतं. तरी गेल्या वर्षी तीन मुलींनी दहावीनंतर शाळा सोडली. कॉलेज तालुक्याला, संध्याकाळची एसटी फाट्यापर्यंतच येते आणि तिथून वाडी तीन किलोमीटर.

आता ताईंच्या भाच्याच्या ओळखीने मुंबईची एक कंपनी आठ लाख द्यायला तयार झाली आहे. पण तिला २५ शिलाई मशीन आणि प्रशिक्षण द्यायचं आहे, आणि पैसे नोंदणी झालेल्या संस्थेलाच मिळतील. तालुक्यातली एक जुनी संस्था पैसे आपल्या नावावर घ्यायला तयार आहे, त्यासाठी १५ टक्के मागते. वाडीतली बी.कॉम. झालेली सून म्हणते, आपलीच संस्था काढू. गावातले एक पुढारी अध्यक्ष व्हायला लगेच तयार आहेत. गटातल्या सगळ्यांत वयस्कर मावशी मात्र म्हणतात, ‘पैसो इलो काय माणसां तुटतत.’ ताई विचारतात: ‘चालून आलेली लक्ष्मी नाकारायची का? १५ टक्के म्हणजे दलालीच नाही का? आणि मावशींचं ऐकावं की सुनेचं?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेतली आणि जिथे जिथे रुपयांचा आकडा आहे तिथे खूण केली. आठ लाख हा आकडा पत्रात पाच वेळा आला. तुमच्या कामाला वर्षाला किती पैसे लागतात हे मात्र एकदाही आलं नाही. तुमचे तिन्ही प्रश्न माझ्या मते याच्या नंतरचे आहेत, म्हणून आधी तो आकडा काढू या. कच्चा माल तुमच्या पत्रातच आहे.

फाट्यापासून वाडीपर्यंत मुलींना आणा-सोडायला गाडीवाल्याने महिना ९,००० सांगितले, असं तुम्ही लिहिलंत. आठवीच्या पुढच्या नऊ मुली, वर्षाचे दहा महिने, म्हणजे ९० हजार. अभ्यास घेणाऱ्या दोघी मुली आज फुकट येतात. त्यांना महिना अडीच हजार मानधन धरलं तर दोघींचे मिळून दहा महिन्यांचे ५० हजार. दवाखान्याच्या फेऱ्यांना २० हजार, वह्या-पुस्तकांना १५, सॅनिटरी पॅडना १०. पावसात वीज जाते म्हणून इन्व्हर्टर आणि दोन दिवे, एकदाच १२ हजार. पहिल्या वर्षाची बेरीज झाली १ लाख ९७ हजार. त्यातले २१ हजार तुमचे स्वतःचे आहेत, बायकांच्या वर्गणीचे सहा आणि मंडळाचे पंधरा. उरले १ लाख ७६ हजार. इन्व्हर्टर एकदाच घ्यायचा, म्हणून पुढच्या वर्षांना १ लाख ६४ हजार.

ताई, तुम्हाला आठ लाख नको आहेत. तुम्हाला वर्षाला साधारण पावणेदोन लाखांपर्यंत हवे आहेत, आणि ते चार वर्षं सलग हवे आहेत. आज आठवीत असलेली मुलगी बारावी होईपर्यंत गाडी चालू राहिली पाहिजे. दोन वर्षं चालून बंद पडली तर ती मुलगी अकरावीच्या तोंडावरच फाट्यावर उभी राहील.

आता शिलाई मशीनचं. शिवणकामाला मी नावं ठेवत नाही, त्यावर पोरं शिकवलेल्या बायका मला माहीत आहेत. पण तुमच्या वाडीत २५ जणी शिवायला लागल्या तर शिवून घेणार कोण? गणवेशाचा हंगाम जूनचा, लग्नसराईत चार ब्लाउज, बाकीचं वर्ष काय? आणि काजू कारखान्यात दिवसभर टरफलाच्या तेलाने बोटं काळी झालेली बाई संध्याकाळी घरी येऊन कापडाला हात लावेल का, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? शिलाई मशीन दात्यांना आवडतं, कारण ते मोजता येतं. २५ मशीन, २५ बायका, एक फोटो. तीन किलोमीटर अंधारातून सुखरूप घरी आलेल्या मुलीचा फोटो निघत नाही.

पण ‘कंपनी मशीनच देणार’ हे तुम्ही गृहीत धरलंत, तिथे मी थोडी अडखळते. तुम्ही त्यांना दुसरं काही मागून पाहिलंत का? भाच्याने निरोप आणला, तुम्ही ऐकला, बस. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. २०१४ पासून हा नियम आहे, यालाच सीएसआर म्हणतात. कोणत्या कामांवर खर्च चालतो याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे आणि त्यात शिक्षणही आहे, महिला सक्षमीकरणही आहे. मुलींना कॉलेजला नेणारी गाडी त्यात व्यवस्थित बसते. त्याच नियमांत ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ म्हणून सोय आहे: काम सुरू झालं ते वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत कंपनी त्याच कामाला पैसे देऊ शकते. सुरुवातीचं एक आणि पुढची तीन, म्हणजे तुमची चार वर्षं झाली. कंपनीतल्या त्या अधिकाऱ्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना माहीत नाही ते हे की तुमच्या गावाची एसटी फाट्यावर थांबते. ते सांगणारं तुमच्याशिवाय कोण आहे?

मागताना संकोच वाटेल. ‘देणाऱ्याला कसं सांगायचं की हे नको, ते द्या’, हा आपल्याकडच्या बायकांचा जुना संकोच. आपल्याच कोकणातल्या, दापोली-मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांचं उदाहरण मला अशा वेळी आठवतं. त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, दारोदार फिरून लहान लहान रकमा गोळा केल्या, १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली ती अटींसह, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाईंचं नाव लागलं. कर्व्यांनी नाव दिलं. पण तोवर त्यांचं काम २० वर्षांहून जास्त काळ चाललेलं होतं आणि ते काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक होतं. कंपनीला तुमच्या गाडीवर आपलं नाव रंगवायचं असेल तर खुशाल रंगवू द्या. गाडीच्या जागी शिलाई मशीन मात्र घेऊ नका.

आता त्या १५ टक्क्यांकडे येते. आठ लाखांचे १५ टक्के म्हणजे १ लाख २० हजार. आकडा ऐकून तुमच्या पोटात गोळा आला, हे समजू शकते. पण मी अशाच एका संस्थेत ११ वर्षं हिशेब लिहिले आहेत, म्हणून सांगते, याला लगेच दलाली म्हणू नका. कंपनीला दर तीन महिन्यांनी अहवाल लागतो, खर्चाचा दाखला सनदी लेखापालाच्या सहीने लागतो, बँकेचं खातं सांभाळावं लागतं, चौकशी आली तर उत्तर संस्थेच्या विश्वस्तांना द्यावं लागतं. या कामाला माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार लागतो. तुम्ही चारचौघींच्या देखत विचारा: या १ लाख २० हजारांत तुम्ही आमच्यासाठी काय काय करणार? लेखापालाची फी त्यात आली का? अहवाल कोण लिहिणार? वर्षातून किती वेळा तुमचा माणूस वाडीत येणार? चार वर्षांच्या या कामांचा हिशेब कागदावर आला तर ती सेवा आहे, तिचे पैसे द्या. ‘ते बघू नंतर’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून उठा. १५ टक्के गेले तरी ६ लाख ८० हजार उरतात. वरच्या हिशेबाने तेवढ्यात चार वर्षं भागतात.

आणि करार लेखी करा. आपल्या माणसांशी कसला करार, असं म्हणणारे भेटतील. त्यांनाच आधी सही करायला सांगा. पैसा किती हप्त्यांत आणि कोणत्या तारखेला येणार, गाडीवाल्याचं बिल कोण मंजूर करणार, घेतलेला इन्व्हर्टर शेवटी कुणाचा, आणि कंपनीचा हप्ता उशिरा आला तर गाडी बंद पडू नये म्हणून दोन महिन्यांचे पैसे संस्था आगाऊ ठेवणार का. हा शेवटचा मुद्दा विसरू नका. हप्ता मार्चअखेरीच्या धावपळीत अडकतो आणि जूनमध्ये कॉलेज उघडतं.

आपलीच संस्था काढू म्हणणाऱ्या सुनेचं मला कौतुक वाटतं. तिच्यासारखी एक जण प्रत्येक वाडीत हवी. पण तिला पुढचं सगळं माहीत असू द्या. संस्थेला किमान सात सभासद लागतात. आपल्या राज्यात १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींखाली नोंद करावी लागते. दरवर्षी लेखापरीक्षण. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. मग आयकर खात्याची नोंदणी, ज्याला सगळे बारा-ए आणि ऐंशी-जी म्हणतात. बऱ्याचदा नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरही नाव लागतं. मग कंपन्यांचे पैसे घेण्यासाठी सीएसआर-१ अर्ज. आणि हे सगळं झालं तरी कंपनीशी संबंध नसलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे आज नोंदणी केलीत तरी हे आठ लाख तुमच्या संस्थेला मिळणार नाहीत. सुनेला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

म्हणून या पैशासाठी संस्था काढू नका. पाच वर्षांनी १२ बायकांच्या १२ वाड्या झाल्या, दुसऱ्या गावच्या बायका ‘आम्हालाही घ्या’ म्हणाल्या, तर जरूर काढा. देवरुखला मावशी हळब्यांनी १९५४ साली लहानशा प्रसूतिगृहापासून सुरुवात केली आणि त्यातून मातृमंदिर उभं राहिलं. तिथे गरज आधी आली आणि संस्था तिच्या मागून वाढली. काढाल तेव्हा एक करा: ज्या ५० रुपये देतात त्यांचीच संख्या विश्वस्तांत जास्त ठेवा. अध्यक्ष व्हायला तयार असलेल्या त्या पुढाऱ्यांना मान द्या, कार्यक्रमाला बोलवा, नारळ त्यांच्या हातून फोडा. सहीचा अधिकार देऊ नका. गेल्या चार वर्षांत ते तुमच्या पडवीत एकदा तरी आले होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावरून मी काय ते समजले.

मावशींचं वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं आहे. तुम्हाला ते जुन्या माणसाचं भय वाटतं. मला तो अनुभव वाटतो, कारण मी तो घेतला आहे.

आम्ही काजू कारखान्यातल्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवत होतो. सुरुवातीला प्रत्येक आई सोमवारी मूठभर तांदूळ आणि पाच रुपये आणायची. पिवळ्या डब्यात तांदूळ, वर खडूने नाव. तांदूळ एकत्र करून मुलांची पेज व्हायची. मग एका दात्याकडून दोन वर्षांचं अनुदान आलं. आम्हाला फार आनंद झाला. मोठी खोली भाड्याने घेतली, दोन मदतनीस नेमल्या, आणि बायकांना म्हटलं, आता तुम्ही काही आणू नका. आपण त्यांचा भार हलका केला, असंच तेव्हा वाटलं होतं. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये पत्र आलं की त्यांनी आता दुसरा विषय घेतला आहे. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसातला कुलूप लावलेल्या दारासमोर नऊ बाया पोरं काखोटीला मारून उभ्या होत्या. आम्ही म्हटलं, पुन्हा तांदूळ आणि पाच रुपये सुरू करू या. चौघी हो म्हणाल्या. बाकीच्यांना वाटलं, पैसे आले होते ते यांनी खाल्ले आणि आता आमच्याकडे मागतात. त्यांचा दोष नव्हता. दोन वर्षांत हिशेब त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता. तो आम्ही दात्याला इंग्रजीत पाठवत होतो.

त्यामुळे ताई, आठ लाख आले तरी ५० रुपये बंद करू नका. ही माझी एकच हट्टाची मागणी आहे. मासे विकून आलेल्या मावशी कनवटीतून ओलसर, मिठाने चिकटलेली दहाची नोट काढून वहीपुढे ठेवतात, असं तुम्ही लिहिलंत. त्या नोटेमुळेच त्यांना विचारायचा हक्क आहे की गाडीवाला गुरुवारी का आला नाही. हिशेब दर महिन्याला पडवीत मोठ्याने वाचा, मराठीत. रापणीचं जाळं ओढल्यावर मासळीचे वाटे वाळूवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतात. कुणाचा किती हे तिथे पोराटोरांनाही दिसतं. तुमचा हिशेब तसा उघड्यावर पडला तर मावशींच्या भीतीला फारशी जागा उरणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी वाचून मी दचकले. मुंबई मंडळाचे पैसे तुमच्या स्वतःच्या बचत खात्यावर मोबाइलने येतात. हे आजच थांबवा. उद्या आयकराचा प्रश्न आला किंवा घरात कुणी संशय घेतला, तर तुमच्याकडे उत्तर नसेल. गटाच्या नावाने दोन-तीन जणींच्या सह्यांचं वेगळं खातं उघडता येतं का ते बँकेत विचारा. उमेद या सरकारी अभियानातला बचत गट असेल तर त्याच्या खात्यात हे मिसळू नका. ते बचत-कर्जाचं खातं आहे, त्याचा हिशेब वेगळा राहू द्या. आपसातली वर्गणी ठीक आहे. पण जत्रेत डबा फिरवायचा, लोकांकडून देणग्या घ्यायच्या, तर गणेशोत्सव मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची ४१ क खालची परवानगी लागते. पत्रातला तुमचा दुबईतला चुलत भाऊ भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्या तिकडच्या मालकाने दिले तर मात्र विदेशी देणगीचा कायदा लागू होतो आणि परवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही.

आता ज्याबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं होतं ते. पैसे म्हटलं की तुमची नजर मुंबईकडे गेली. आपल्याकडे ते साहजिक आहे, पिढ्यानपिढ्या मनीऑर्डर तिकडूनच येत आली. पण तुमच्या गावात तुमचाच पैसा पडून असेल तर? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर झाले, हे तुमच्या गटातल्या कुणी विचारलं आहे का? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. त्या सभेत बाराजणी जा आणि ठराव लिहून घ्या: फाटा ते वाडी मुलींसाठी गाडी. रस्त्यावरचे दिवे हा दुसरा ठराव. गाव लहान, उत्पन्न लहान, सगळे ९० हजार निघणार नाहीत. १५ निघाले तरी गाडीचे जवळपास दोन महिने झाले.

बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना शाळा-कॉलेजसाठी एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. तुमच्या मुलींना तो मिळतो ना? पत्रात ‘पासाचे पैसे’ असा उल्लेख आहे म्हणून विचारते. कुणी भरत असेल तर मुख्याध्यापकांना भेटा. एसटी फाट्यावरून वाडीपर्यंत यावी, निदान संध्याकाळची एक फेरी, यासाठी आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या. सोबत कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव आणि मुलींच्या नावांची यादी. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून खास मुलींसाठी बस चालतात. आपला तालुका त्यात आहे का, हे त्याच फेरीत विचारून या. रस्ता अरुंद आहे, गाडी वळत नाही, असं उत्तर येईल. मग वळायला जागा कुठे करता येईल ते गावाने दाखवायचं. बस आली तर तुमच्या १ लाख ९७ हजारांतले ९० हजार एकदम गळून पडतात. मग कंपनीकडे मागायचं ते निम्म्यावर येतं.

तुमच्या १४ मुलींपैकी तिघींना वडील नाहीत, असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. तिथे थांबा. बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात. वर्षाचे २७ हजार, तिघींचे ८१ हजार, आणि तेही थेट त्यांच्या घरात. अर्ज महिला व बालविकास कार्यालयात करायचा. कागद पुष्कळ लागतात: मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, बँकेचं पासबुक. एकटी विधवा बाई रोज बुडवून चार फेऱ्या मारू शकत नाही, म्हणून हे राहून जातं. तुमच्या सुनेची बी.कॉम.ची हुशारी मला इथे हवी आहे. तिने या तीन फायली पुऱ्या केल्या तर ते एका लहान अनुदानाइतकंच आहे. बारावीनंतर नर्सिंग किंवा इंजिनिअरिंगला जाणारी कुणी असेल तर तिलाही सांगा: २०२४-२५ पासून आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. जात प्रवर्गाच्या अटी आहेत, त्या प्रवेशाच्या वेळी नीट बघून घ्यायच्या.

राहिला फोटोंचा विषय. तुम्ही तो सहज लिहिला आहे, की कंपनीला मुलींचे फोटो हवेत, ‘गरजू मुली’ असा बॅनर लावून. ताई, नको. शहरात तो फोटो अहवालाच्या पानात जातो. गावात तो मोबाइलवरून फिरत परत येतो, मुलीच्या वर्गात, तिच्या बसस्टॉपवर, पुढे तिच्या सोयरिकीत. १५ वर्षांच्या मुलीला ‘गरजू’ म्हणून गावासमोर उभं करायचा अधिकार तिच्या आईलाही पुरता नाही, आपल्याला कुठून असणार? कंपनीला पुरावा लागतो, तो वाजवी आहे. हजेरीची वही द्या, गाडीच्या रोजच्या फेऱ्यांची नोंद द्या, दहावी-बारावीचे निकाल नावं झाकून द्या. पाठमोऱ्या मुलींचा, वह्यांवर वाकलेल्या हातांचा फोटो द्या. बॅनरवर ‘मुलींचा अभ्यासवर्ग’ असं लिहा. यावर कंपनी अडून बसली, तर तो पैसा सोडायला मी तुम्हाला बिनदिक्कत सांगेन, मग तो आठ लाख असो की ऐंशी.

तुमचा तिसरा प्रश्न सुनेचं ऐकावं की मावशींचं, असा होता. दोघींना एका कामाला बसवा. सून बजेट लिहील, मावशी ते ऐकून खोट काढतील. बांगडा माशांच्या पाटीचा भाव घासाघीस करून ठरवणाऱ्या बाईला गाडीवाल्याचे ९,००० जास्त आहेत की रास्त, हे आपल्यापेक्षा लवकर कळेल.

आणि कंपनीच्या साहेबांना वाडीत बोलवा. सभागृह नको, हार नको. संध्याकाळच्या एसटीच्या वेळी त्यांना फाट्यावर उतरवून घ्या, आणि मुली उतरतील त्यांच्याबरोबर त्यांना तीन किलोमीटर चालत वाडीपर्यंत आणा. पावसाळ्यातला दिवस मिळाला तर उत्तम. पडवीत आल्यावर पाणी द्या, सोलकढी द्या, आणि मग सुनेने लिहिलेला कागद पुढे ठेवा. कागदाच्या वर एवढंच असू द्या: पहिल्या वर्षी १ लाख ७६ हजार, पुढची तीन वर्षं १ लाख ६४ हजार. खाली तुमच्या बाराजणींच्या सह्या, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे.

तुमची,
एक मैत्रीण